मेई आंटींचा लाल झगा

नॅन्सीचा फोन आमच्या मजल्यावरच्या सामंतांकडे आला. सामंतवहिनी दारात येऊन म्हणाल्या, "शोभा, मुलुंडहून तुझ्या त्या आंटींच्या मुलीचा फोन आहे," आणि माझ्या हातातलं अर्धवट ब्लाऊज त्यांनी न बोलता स्वतःकडे घेतलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी फोन कानाला लावला. नॅन्सी म्हणाली, "शोभाताई, मम्मी गेली. सकाळी. पप्पा विचारतायत, तू येशील का?" पप्पांनी विचारलंय, हे ती मुद्दाम सांगत होती. एक काळ असा होता की तिचे पप्पा माझ्याशी बोलतही नसत. आज त्या गोष्टीला सहा आठवडे झाले. लिहीन लिहीन म्हणत होते, पण आंटींबद्दल लिहायचं म्हणजे त्या झग्याबद्दल लिहायचं, आणि झग्याबद्दल लिहायचं म्हणजे मी बोललेल्या एका खोट्याबद्दलही लिहायचं. म्हणून हात अडखळत होता.

मुलुंडला त्यांना सगळे 'मेरी आंटी' म्हणत. स्टेशनच्या पश्चिमेला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं ब्युटी पार्लर होतं, त्याच्या पाटीवरही 'मेरी' असंच होतं. खरं नाव मेई-लान, चिनी. ते घराबाहेर वापरायचं नाही असा त्यांच्या यजमानांचा दंडक होता. अंकल घाटकोपरला दाताच्या कवळ्या बनवायचे. बारीक अंगाचा, हळू बोलणारा, रस्त्यानं चालताना भिंतीच्या कडेनं चालणारा माणूस. दोघांना एकच मुलगी, नॅन्सी. मी तेव्हा वीस वर्षांची. भांडुपच्या डोंगरउतारावर आमची खोली होती, बाबा गिरणीत विणकाम खात्यात होते आणि संपानंतर घरीच बसून होते, आणि मी शिवणक्लासचं सर्टिफिकेट घेऊन चाळीतल्या बायकांची ब्लाउजं शिवत होते. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गळ्याची पायपिंग पार्लरमध्ये आंटींच्या नजरेस पडली. खुर्चीत बसलेल्या बाईचे केस कापता कापता त्यांनी म्हणे कात्री खाली ठेवली, पायपिंगवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ये किसने सिया? उसको मेरे पास भेजो." मी दुसऱ्याच दिवशी गेले. आंटींनी माझ्या हातात एक चिंधी दिली, "उरेब पट्टी काप, बघू," म्हणाल्या. मी कापड तिरकं धरून ती कापली. त्यांनी ती ताणून पाहिली, उजेडात धरली आणि हसल्या. हसताना त्यांचे डोळे पार नाहीसे व्हायचे. त्या दिवसापासून पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांची शिलाई माझ्याकडे येऊ लागली, आणि दर आठवड्याला मी मुलुंडला.

वर्षभरानं, जानेवारीच्या सुरुवातीला, त्यांनी मला दुपारच्या सामसुमीला पार्लरच्या आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. पलंगावर एक कापड उलगडलेलं होतं. लाल... पण आपल्या शालूचा लाल नव्हे, डाळिंबाच्या दाण्यासारखा आतून उजळलेला. त्यावर त्याच रंगाचे फुलांचे बुट्टे. कलकत्त्याच्या नणंदेनं पाठवलेलं ते एकच कापड होतं, जेमतेम पावणेतीन मीटर. "नवीन वर्षाचा ड्रेस शिवायचा," आंटी म्हणाल्या. "आमचं नवीन वर्ष. तुमची पौषातली अमावास्या होते ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." मी म्हटलं, "नॅन्सीचं माप घ्यायला ती कॉलेजातून कधी येते?" त्या म्हणाल्या, "नॅन्सीचं नाही. माझं घे."

नमुना म्हणून त्यांच्याकडे होता फक्त एक फोटो, तळहाताएवढा. खुर्चीवर बसलेली एक बाई. गळ्याशी उभी कॉलर, बंदगळ्याच्या कोटाला असते तशी. गळ्यापासून उजव्या काखेपर्यंत तिरकी उघडणारी कड, आणि तिच्यावर कापडाच्याच गाठी बांधून केलेली बटणं. "माझी आई," आंटी म्हणाल्या. मी टेपनं त्यांचा खांदा मोजत होते आणि त्या भिंतीकडे बघून बोलत होत्या. आसामात चहाच्या मळ्यांजवळ त्यांचं गाव. वडलांचं सुतारकामाचं दुकान. दर नव्या वर्षाला आई हा लाल झगा घालायची, घरात संत्री रचून ठेवायची, मुलांना लाल सदरे. बासष्टच्या लढाईत एके दिवशी पोलीस आले, अंगावरच्या कपड्यांनिशी चला म्हणाले. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगितलं होतं. गाडी दिवसचे दिवस चालली आणि राजस्थानात एका छावणीत त्यांना उतरवलं. "लढाई कधीच संपली. आम्ही दोन वर्षं आत," आंटी म्हणाल्या. आई तिथंच गेली, तापानं. परत आल्यावर घर दुसऱ्याचं झालेलं, पेटी गेलेली, झगा गेलेला. वडलांच्या खिशात होता म्हणून हा फोटो उरला. अंकल त्यांना छावणीतच भेटले. लग्न करून दोघं मुंबईला आले, कारण इथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. "वीस वर्षं आम्ही नवीन वर्ष दार लावून करतो. स्कर्ट घालून. त्याला भीती वाटते." हे बोलताना त्यांनी अंकलचं नाव घेतलं नाही.

भीतीला कारण होतं. दोघांनी नागरिकत्वाचा अर्ज केला होता. जन्म इथला, पण कागद परदेशी माणसाचे. दरवर्षी कचेरीत जाऊन नोंदणी करायची, मुंबईबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी मागायची. नॅन्सीचा जन्मदाखला पक्का होता, तरी आईवडलांचं असं असलं की कुठल्याही नोकरीच्या फॉर्मवर प्रश्न येणार, हे अंकलच्या डोक्यातून जात नव्हतं. आणि त्याच जानेवारीत पत्र आलं, की घरी चौकशीला अधिकारी येतील. कधी, ते लिहिलं नव्हतं. महिनाअखेर किंवा पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा. म्हणजे नेमका सणाच्या आसपास.

हे मला आंटींनी सांगितलं नाही. अंकलनी सांगितलं. एका संध्याकाळी बघते तर ते आमच्या चाळीच्या पायऱ्या चढून येतायत, भिंतीला हात लावत. आमच्या घरात त्यांना मान होता; नळावर घसरून आईचे पुढचे दोन दात गेले तेव्हा ते यांनीच बसवून दिले होते. आईनं चहा ठेवला. त्यांनी चहा घेतला नाही. मला बाहेर बोलावलं. "कापड तुझ्याकडे आहे," म्हणाले. "मला माहीत आहे. शोभा, माझा मोठा भाऊ... आमच्या गावात नवीन वर्षाला सगळ्यांनी चिनी कपडे घालून एकत्र फोटो काढला होता. तो पुढं उभा होता. आम्हाला न्यायला आले त्यांच्या हातात नावं होती. ती त्या फोटोवरून लिहिली असणार. आम्ही दुसरं काही केलं नव्हतं, सांग ना, दुसरं काय असेल?" ते हात जोडून उभे होते, माझ्या बाबांच्या वयाचा माणूस. "फक्त साहेब येऊन जाऊ दे. तोपर्यंत शिवू नको. मशीन बिघडलं सांग. नॅन्सीसाठी." मी विचारलं, "आंटींना तुम्हीच का नाही सांगत?" ते म्हणाले, "ती ऐकणार नाही. आणि ती म्हणते, लपून काही वाचत नाही, ते बरोबर असेल तर?" हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानातून पार्लरला फोन केला. "आंटी, मशीन बिघडलंय. माणूस बघून गेला, पार्ट मिळत नाही म्हणतो. तुमच्या सणानंतर देते." पलीकडून "बरं." एवढंच. घरी आले. झगा कापून झाला होता, खांदे आणि एक बाजू जोडलेली होती. तो जुन्या चादरीत गुंडाळून मी फळीवर टाकला. पुढचे आठ दिवस मी त्या फळीकडे पाहिलं नाही आणि मुलुंडला फिरकले नाही. कोणी विचारलं तर सांगायला कारणं तयार होती. कोणी विचारलं नाही.

सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी विळीवर भाजी चिरत होते. आई मशीनवर शेजारणीच्या साडीला फॉल लावत होती, मशीनचा आवाज पार खालपर्यंत जात असणार. तो आवाज मला रोजचा म्हणून ऐकूच येत नव्हता. दारात सावली पडली. वर पाहिलं तर आंटी. चढण चढून चेहरा लाल झालेला, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"मशीन बरं झालं?"

आईला काहीच ठाऊक नव्हतं. "मशीनीक काय जाला?" ती म्हणाली. "येवा, बसा."

मला वाटलं, जमीन दुभंगावी म्हणतात ते हेच. आंटी बसल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी सुई, दोरा, बोटात घालायचं अंगुस्तान काढून सतरंजीवर ठेवलं. मशीन बिघडलंय म्हणून हातानं शिवायच्या तयारीनं आल्या होत्या त्या. एका दिवसात, अख्खा झगा. "तो आला होता ना," त्या हळूच म्हणाल्या. मी मान खाली घातली. रडू येत होतं पण त्यांच्यासमोर रडायचाही मला हक्क वाटेना. "इकडे बघ. त्यानं सांगितलं म्हणून तू नाही शिवलं. आता मी विचारते. तुला शिवायचा आहे की नाही? नसेल तर कापड दे, मी घरी जाते, मी रागावणार नाही."

"शिवायचाय," मी म्हटलं. "पण ते साहेब..."

"साहेब आला तर मला बघेल. मीच आहे ना? मला न बघता तो काय लिहिणार?" मग घड्याळाकडे पाहिलं. "दिवे लागायच्या आत व्हायला पाहिजे. उद्या कात्री, सुई काही चालत नाही. उद्या कापलं तर वर्षाचं नशीब कापलं जातं."

आई तोवर सगळं समजून चुकली होती. तिनं साडी बाजूला केली आणि मशीनवरून उठली. मला एक शब्द बोलली नाही, पण दिवसभर तिनं मला ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेले नाही.

त्या दिवसाइतकी मी कधी शिवायला घाबरले नाही. कापड निसरडं, एक टाका उसवला तर भोक दिसायचं. दुसरं कापड मिळण्याची सोय नव्हती. कॉलरला बक्रमचं ताठ अस्तर लावून ती उभी केली तर आंटींच्या हनुवटीला टोचू लागली, काढून परत बसवली. अडलं ते बाजूच्या चिरांपाशी. फोटोतली बाई बसलेली, चीर किती उंच ते दिसत नव्हतं. आंटी डोळे मिटून उभ्या राहिल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं... मशीन थांबलेलं, आई भाकरी थापायची थांबलेली. "ती दुकानाच्या पायऱ्या चढायची," आंटी डोळे मिटूनच म्हणाल्या, "मी मागून चालायची. तेव्हा इथपर्यंत दिसायचं." त्यांनी वाकून पोटरीवर बोट ठेवलं. मी तिथं खडूची खूण केली.

चार वाजले तेव्हा बटणं राहिली होती. सात बटणं, कापडाच्या दोरीची गाठ मारून केलेली. मी दोनदा प्रयत्न केला, गाठ वेडीवाकडी यायची. आंटींनी सोडवून पुन्हा बांधून पाहिली, पण त्यांनाही गाठ आईच्या हातचीच आठवत होती, स्वतःच्या नव्हे. बाबा दारात बसले होते. संप लांबत गेला तसे ते दारातच बसत, कोणाशी न बोलता. तिथूनच म्हणाले, "दी हय माका." आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमका काय जमतला?" बाबांनी हात पुढे केला. "एवढी वर्सां तुटलेले धागेच जोडलंय मा?" आंटींनी एक गाठ त्यांच्यासमोर सावकाश बांधली, सोडली, परत बांधली. बाबांनी दुसरी बांधली. गोल, घट्ट, करवंदाएवढी. मग तिसरी. सात गाठी होईस्तोवर त्यांनी मान वर केली नाही. दोन वर्षांत त्यांच्या हातांना मी पहिल्यांदाच घाई झालेली पाहिली. शेवटचा टाका घालून मी दोरा कापला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. आंटींनी झगा घडी करून पिशवीत ठेवला, आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि मला म्हणाल्या, "उद्या घरी ये. दहा वाजता. आता घाबरायचं तर समोर येऊन घाबर."

दुसऱ्या दिवशी मी गेले. आंटींनी दार उघडलं. मी माप घेतलं होतं, मी शिवला होता, तरी मी ओळखलं नाही. पार्लरमध्ये दिवसभर वाकून उभी असणारी ती बाई नव्हतीच. कॉलरमुळे मान ताठ, केस मागे घट्ट बांधलेले, आणि खांद्यापासून पोटरीपर्यंत तो लाल... नॅन्सी आईभोवती फिरून फिरून बघत होती. तिनं अठरा वर्षांत आईला असं पाहिलं नव्हतं. टेबलावर संत्री रचलेली, त्यातल्या प्रत्येकाचं पान तसंच ठेवलेलं. "यंदा उंदराचं वर्ष," नॅन्सीनं मला सांगितलं. मी म्हटलं, "मग आमच्या गणपतीचं वाहन. चार दिवसांनी माघी गणपती, त्याचाही जन्मदिवस." आम्ही दोघी हसलो. खिडकीजवळच्या खुर्चीत अंकल बसले होते, पांढरा शर्ट, काळी पँट, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात घरातले सगळे कागद असत. त्यांनी आंटींकडे पाहिलं नव्हतं. माझ्याकडेही नाही.

साडेअकराला बेल वाजली. दोनदा, आखूड. अंकल उभे राहिले. "बदल," ते आंटींना म्हणाले. "मी दार उशिरा उघडतो. आत जा, बदल." आंटी जागच्या हलल्या नाहीत. परत बेल. "मेई," अंकल म्हणाले, आणि मग त्यांच्या भाषेत काहीतरी, विनवणीच होती ती, भाषा कळायची गरज नव्हती. आंटींनी पुढे होऊन स्वतः दार उघडलं.

साधा शर्ट घातलेले, निवृत्तीला आलेले एक मराठी गृहस्थ. काखेत फाईल, खांद्याला पिशवी. त्यांनी आंटींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत येऊन बसले. फाईल उघडली. नावं, जन्म, धंदा, घरात कोण कोण. अंकल प्रत्येक प्रश्नाला डब्यातून एक कागद काढून देत होते. मग साहेबांनी पेन ठेवलं.

"आज काही कार्यक्रम आहे?"

"नाही साहेब, काही नाही, असंच..." अंकल म्हणाले.

"आहे," आंटी म्हणाल्या. "आमचं नवीन वर्ष आहे."

"दरवर्षी असे कपडे घालता?"

"नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा घातले."

"यंदाच का?"

आंटींनी थोडा विचार केला. "माझी आई या वयाची होती तेव्हा तिचा झगा घेतला गेला. मला वाटलं, आता माझा असावा."

"हे कपडे चीनमधून येतात?"

"भांडुपहून," आंटी म्हणाल्या.

अंकलनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तू कोण?" "मी शिवलाय." "नाव?" मी सांगितलं. ते लिहू लागले. माझं नाव, फाईलमध्ये. "पत्ता? वडील काय करतात?" "गिरणीत... होते." "संपात?" "हो." तेही लिहिलं. पेनचा तो खरखर आवाज मला अजून ऐकू येतो. अंकलच्या भावाचं नाव असंच कोणीतरी लिहिलं असेल, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं आणि भिंतीच्या कडेनं चालणारा तो माणूस मला पहिल्यांदा कळला. नॅन्सीनं संत्र्यांची बशी पुढे केली. साहेबांनी एक संत्रं घेतलं, सोललं नाही, पिशवीत टाकलं. "ठीक आहे. कळवतील," म्हणाले आणि गेले.

दार लागल्यावर अंकल आंटींना एवढंच म्हणाले, "अब खुश?" आणि आतल्या खोलीत निघून गेले.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा आई घाबरली. बाबा म्हणाले, "लिवन घेतल्यान तर घेवंदे. शिवलंस ता खरांच मा?" तरीसुद्धा कित्येक आठवडे पायऱ्यांवर अनोळखी पावलं वाजली की आमच्या घरात बोलणं थांबायचं. कोणी आलं नाही. आणि मुलुंडला पत्रही आलं नाही. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं. पोस्टमन येऊन गेला की अंकल आंटींकडे बघायचे, बोलायचे नाहीत. माझ्याशी तर बोलणं पूर्णच तुटलं होतं. मी आले की ते घरातून बाहेर पडत. आंटी दर नव्या वर्षाला झगा घालत राहिल्या, घरातल्या घरात. मी दर नव्या वर्षाला जात राहिले. त्या दिवशी मात्र अंकल घरातच, खिडकीजवळ तसेच, पांढऱ्या शर्टात.

अडीच वर्षांनी कागद आला. अंकलचा. आंटींचा नाही. दोघांचा अर्ज एकाच दिवशी केलेला, चौकशी एकाच दिवशी झालेली. अंकल कचेरीत जाऊन आले. 'विचाराधीन आहे' म्हणाले. झग्यामुळे? की कुठल्या टेबलावर फाईल खाली दबली म्हणून? कोणाला सांगता आलं नाही, मलाही आजवर कळलेलं नाही. मी आंटींना म्हटलं, "मी त्या वेळी शिवलाच नसता तर..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "घरात दोन भारतीय झाले," म्हणाल्या. "नॅन्सी आणि तो. तिसरीला वेळ लागतो." पण त्या रात्रंदिवस हसत होत्या असं मी म्हणणार नाही. माझं लग्न गावी, कणकवलीजवळ होतं. आंटींनी मुंबईबाहेर जायची परवानगी दीड महिना आधी मागितली होती. ती लग्नानंतर चार दिवसांनी आली. मी नवऱ्याला घेऊन मुलुंडला गेले तेव्हा तो परवानगीचा कागद त्यांनी मला दाखवला आणि पहिल्यांदाच, एकदाच, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्या रडल्या. अंकल दारात उभे होते. ते त्यांनी पाहिलं.

त्यानंतर महिनाभरानं ते नाहूरला माझ्या नव्या घरी आले, एकटे. हातात गडद निळं कापड. पाणीही न घेता म्हणाले, "मला जाकीट शिवून दे. भावाचं होतं तसं. उभी कॉलर. बटणं तुझ्या बाबांच्या हातची." मी टेप घेतली. छाती मोजताना ते म्हणाले, "तुला खोटं बोलायला मी लावलं." मी म्हटलं, "बोलले मी, अंकल." ते म्हणाले, "माझा कागद आला, त्या दिवशी मला वाटलं, आता भीती जाईल. गेली नाही. मग मी भीती ठेवून काय मिळवलं, सांग."

पुढच्या नव्या वर्षाला ती दोघं घराबाहेर पडली. घरापासून पार्लरपर्यंतचा रस्ता, चालत दहा मिनिटं. आंटी लाल झग्यात, अंकल निळ्या जाकिटात, मागून नॅन्सी आणि मी. रस्ता वळून वळून बघत होता. कोणीतरी काहीतरी बोलणार, आता बोलणार... कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं ओरडून विचारलं, "आंटी, शूटिंग है क्या?" आंटी थांबल्या. "शूटिंग नहीं, त्योहार है," म्हणाल्या आणि पिशवीतून एक संत्रं काढून त्याला दिलं. अंकल रस्त्याच्या मधोमध उभे होते. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तरी ते हलत नव्हते.

तीन नवी वर्षं ती दोघं अशी चालली. मग आंटींच्या किडन्यांनी दगा दिला. हॉस्पिटलात त्या शेवटचा महिना होत्या आणि 'विचाराधीन'च होत्या. फोन आल्यावर मी पोचले तेव्हा अंकल आणि नॅन्सी खाली खिडकीपाशी मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरत होते. नॅन्सी एकेक रकाना भरत गेली. नाव, वय, पत्ता. एका रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. राष्ट्रीयत्व. तिनं वडलांकडे पाहिलं. आयुष्यभर प्रत्येक कागदावर खरं तेवढंच, नेमकं तेवढंच लिहीत आलेला तो माणूस. त्यांनी तिच्या हातून पेन घेतलं आणि त्या रकान्यात देवनागरीत, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर गिरवत लिहिलं: भारतीय. खिडकीतल्या माणसानं फॉर्म वाचला. त्यानं शिक्का मारला आणि म्हणाला, "पुढचे कोण?"

लाल कपड्यात माणसाला निरोप द्यायचा नसतो त्यांच्यात. म्हणून झगा मागे राहिला. गेल्या आठवड्यात नॅन्सी तो माझ्याकडे घेऊन आली, स्वतःच्या मापाचा करून हवाय म्हणून. माझ्या शिवणाच्या खोलीत तो हँगरला लावून ठेवलाय. डाव्या कोपराशी कापड जरा विरलंय, कॉलरच्या आत पावडरचा फिका डाग आहे. माझ्या शिवणक्लासच्या मुली येता-जाता त्याला हात लावून बघतात. मी बरेचदा कात्री घेऊन समोर बसले. नॅन्सी आईपेक्षा चार बोटं उंच आहे, खांदे रुंद आहेत. उसवून, जोड देऊन करता येईल. काल मी तिला फोन करून सांगितलं, हा असाच राहू दे, तुला नवा शिवते.

"पण तो मम्मीचा नसेल ना, ताई," ती म्हणाली.

"नसेल. मम्मीचा होता तो तरी तिच्या आईचा कुठे होता?"

मग ती म्हणाली, सुतकात लाल चालत नाही, यंदा निळा चालेल असं पप्पा म्हणतायत, आणि कापड बघायला तेही येतो म्हणतायत. मी म्हटलं, "ये घेऊन त्यांना." गुरुवारी दुपारी मापाला येणार आहेत.